तुझां तुला

आमच्या पाड्याला कुणी घाणेरडं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मागे शहरातून एक बाई स्वच्छतेवर भाषण द्यायला आली होती. साबणाने हात कसे धुवायचे ते तिने आम्हाला करून दाखवलं, त्यासाठी आमच्याच हंड्यातलं पाणी सांडलं, आणि चहा पिऊन गेली. ते पाणी कुठून आणलं, हे काही तिने विचारलं नाही. ते डवऱ्यातलं होतं. नदी आटली की वाळूत खड्डा खणायचा, त्यात थेंब थेंब पाणी झिरपतं, ते वाटीने हंड्यात भरायचं. त्या खड्ड्याला आम्ही डवरा म्हणतो. जव्हारकडे, वावर-वांगणीच्या अंगाला, होळीपासून पाऊस लागेपर्यंत असंच चालतं. वाटी वाटी करून हंडा भरणाऱ्या बाईला स्वच्छता शिकवायला यायचं म्हणजे मोठं धाडस झालं. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, म्हणून तोंड मिटून बसले.

आमचा डवरा म्हसकोंडच्या खालच्या बाजूला आहे. म्हसकोंड म्हणजे नदीतला डोह. कधीकाळी कुणाची तरी म्हैस त्यात बुडाली, तेव्हापासून हे नाव. नदी सुकली तरी म्हसकोंडात पाणी राहतं, पाण्यात मासे राहतात, आणि तेच पाणी वाळूतून गाळून आमच्या डवऱ्यात येतं. कालवण त्यातलंच आणि पिणंही त्यातलंच.

डोह कुणाच्या मालकीचा नाही. पण माझी थोरली जाऊ माघी स्वतःला त्याची मालकीण समजायची, आणि तिच्या तोंडाला तोंड द्यायची हिंमत नसल्यामुळे सगळा पाडाही तसंच समजायचा. तिचा नियम एकच. मासे घरी आणून साफ करायचे नाहीत. डोहाच्या काठावर पळसाच्या पानावर साफ करायचे, आतडी, खवले, कल्ले, सगळं त्याच पानात गोळा करायचं आणि पान पाण्यात सोडून म्हणायचं, "घे बाय, तुझां तुला." नदीचं ते नदीला परत. पान डुलत खाली जायचं, खेकडे नि चिंगळ्या त्यावर तुटून पडायच्या, संध्याकाळपर्यंत काही उरायचं नाही. हा नियम आमच्या सासूचा, तिच्या सासूचा. मी लग्न होऊन आले तेव्हा एक मरळ तशीच टोपलीत घालून घरी निघाले होते. माघीने मला अर्ध्या वाटेवरून मागे वळवलं आणि वर चार बाया ऐकतील अशा आवाजात विचारलं, "तुझ्या आयसने तुला काय शिकवला?" मला अजून ते लागतं. पण खोटं बोलणार नाही, तिच्यामुळे काठ सारवलेल्या अंगणासारखा असायचा.

घाण आली ती बाहेरून. रस्ता थोडा बरा झाला तशी रविवारी मोटारसायकलींवर पोरं यायला लागली. गळ टाकायचे, तिथेच तळून खायचे, बाटल्या फोडायचे, गळाची तुटलेली दोरी, तंगूस, झुडपात टाकून निघून जायचे. त्या तंगुसात एकदा एक बगळा अडकून मेला. माघी गोणी घेऊन जायची आणि सगळं वेचायची. वेचलेलं न्यायचं कुठं, हा प्रश्न होताच. सरपंचांना सांगितलं तर त्यांनी दोन डबे पाठवले, एक हिरवा, एक निळा. ओला कचरा, सुका कचरा. झाकणाचे, दणकट. डोहावर आठवडाभर उभे होते. मग बायकांनी विचार केला की एवढे चांगले डबे आणि त्यात कचरा? आता एकात शेजारची शेवंता पाणी भरते आणि दुसरा माझ्या घरात आहे. हसायचं तर हसा. कचरा उचलायला गाडी कधी येणार होती? माघी मात्र त्यावरून आमच्याशी महिनाभर भांडली, आणि गोणीतलं प्लास्टिक माळावर नेऊन जाळत राहिली.

हे एवढंच असतं तर निभलं असतं. पण वरच्या अंगाला सिमेंटचा बंधारा झाला. कुणाच्या तरी शेताला पाणी मिळालं, मिळो बापडं. आमच्याकडे मात्र होळीच्या आधीच नदी वाहायची थांबायला लागली. म्हसकोंड भरलेला दिसायचा, पण पाणी हलायचं नाही. वर्षभर कुणाच्या ते नीट ध्यानातही आलं नाही.

मग मुकेश परत आला. मुकेश हा माघीचा एकुलता एक मुलगा. बाप, म्हणजे माझा थोरला दीर जिवा, गेल्यापासून तो भिवंडीला गोदामात हमालीला होता. बायको चैती आणि लहानगी लेक सकूही तिकडेच, एका पत्र्याच्या खोलीत. आला तो एक बेत घेऊन. जव्हारला आता फिरायला माणसं येतात, हॉटेलवाल्यांना नदीचे मासे हवे असतात, पण साफ केलेले हवेत. मुकेश म्हसकोंडात जाळं टाकणार, बंधाऱ्यावरच्या पोरांकडूनही मासे घेणार, चैती साफ करणार, आणि तो थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून मोटारसायकलवरून पोचवणार.

पहिल्याच दिवशी त्याने आईला सरळ सांगितलं. मी तिथेच बसले होते.

"आये, या उन्हाळ्यात जमला तर मी हितंच ऱ्हातू. नाय जमला तर सकूला नि चैतीला घेऊन परत जाईन. मंग मला सारखा बोलवू नको."

"जमंल," माघी म्हणाली. "कसा नाय जमणार?"

त्या दिवसापासून माघी बदललीच. सकू कडेवर, चैती हाताखाली, मुकेश समोर. भांडायला तिला वेळच मिळेना. मलाही एकदा तिने आपणहून मासे आणून दिले, वांब होती चांगली जाड. माझा नवरा चंदू द्राक्षांच्या कामाला नाशिककडे गेलेला, मुलं आश्रमशाळेत. मी एकटी वांब खात बसले आणि मनात म्हटलं, हिचं असंच राहू दे.

साफ करणं अर्थातच डोहावर, पळसाच्या पानावर. मुकेश म्हणाला होता की बंधाऱ्याचे मासे तिकडेच साफ करून आणू. माघीने ऐकलं नाही. नदी एकच, मग तिचं तिला इथूनच द्यायचं. पूर्वी एका घरचं एक पान असायचं. आता रोज टोपलीभर आतडी. चैती एकामागून एक पान भरायची आणि माघी प्रत्येक पान स्वतः सोडायची, प्रत्येक वेळी तेच म्हणायची. पान काठापासून थोडं सरकायचं आणि थांबायचं.

चैत्रात डोहाला वास सुटला. पाण्यावर तेलासारखा तवंग, कडेला कुजलेली पानं, त्यांवर निळ्या माश्या. खेकडे तरी किती खाणार? लहान मासे पहाटे वर येऊन तोंड वासायला लागले. मी माघीला म्हटलं, "बाय, ही पानां बंद कर. पानी हालत नाय. तू काल सोडलेला पान आज पन हितंच हाये."

"मंग काय, नुसता घेयाचा? तिला काय द्यायचा नाय?"

"कुणाला? नदी कुठं हाये? डबका झालाय."

माझं चुकलं असेल तर ते त्या शब्दात. डबकं म्हणायला नको होतं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी हंडा उचलून चालू लागले. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. डवऱ्यावर समोरासमोर बसून आम्ही दोघी वाटीने पाणी भरत होतो आणि एक शब्द नाही.

पण तिला हलवलं ते सकूने. पोरीला जुलाब लागले. पाड्यात आणखीही मुलांना लागले होते, पण सकू अंगाने आधीच काटकुळी, दोन दिवसांत तिचे डोळे आत गेले. मुकेशने तिला मोटारसायकलवर चैतीच्या मांडीत घालून जव्हारला नेलं, सलाईन लागलं, पोर वाचली. मागोमाग नर्सताई पाड्यात आल्या. त्यांनी डोह पाहिला, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "हे पाण्यात टाकायचं बंद करा. खड्डा करा आणि पुरून टाका. खोल पुरा, कुत्र्यांनी उकरायला नको." बरोबरच सांगितलं त्यांनी. कुठे पुरायचं ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. खड्डा म्हणजे खड्डा.

दुसऱ्या सकाळी मी पाण्याला गेले तर माघी भरलेलं पान हातात घेऊन काठावर उभी होती. सोडत नव्हती. मी लांबच थांबले. ती डोहाला म्हणाली, "या टायमाला नाय देत गं. पोरीचा जीव हाये. राग मानू नको." मग पान घेऊन मागे वळली आणि मला पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या बाईचा एवढा राग, पण त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. सासूच्या सासूपासूनची रीत तिने नातीसाठी मोडली होती. भल्याभल्यांना जमत नाही.

आता पुरायचं कुठं? आमच्याकडची जमीन ज्याने पाहिली नाही त्याला हे कळणार नाही. चार बोटं माती आणि खाली कातळ. उन्हाळ्यात ती मातीही तापून दगड झालेली असते, पहार मारली की हात झिणझिणतो. भाताची खाचरं टेकाडावर, तिथवर रोज टोपली कोण नेणार? एकच जागा मऊ होती, नदीची वाळू. तिथे हाताने खणलं तरी कोपरापर्यंत खड्डा होतो. डोहापासून ती जागा चांगली लांब, म्हणजे डोह खराब होणार नाही. माघीने एक गोष्ट आणखी सांगितली, आणि आम्हा सगळ्यांना ती पटली.

"वाळू पानी गाळते ना? तशी घाण पन गाळील."

जन्मभर आम्ही वाळूने गाळलेलं पाणी प्यायलो होतो. वाळूवर आमचा देवाइतका विश्वास.

माघीने काम हाती घेतलं की ते साग्रसंगीत. पानात गुंडाळायचं, कोपराएवढं खोल पुरायचं, वर वाळू दाबायची, त्यावर दगड ठेवायचा. काठावर खवला दिसता कामा नये. तिने साऱ्या पाड्याला तीच सवय लावली. रविवारच्या पोरांनाही ती दगड घेऊन उभी राहून पुरायला लावायची, आणि ती पोरंही निमूट पुरायची. नर्सताई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी काठाचा फोटो काढला. म्हणाल्या, असं कुठल्याच पाड्यात पाहिलं नाही. मला मेलीला अभिमान वाटला.

डोह हळूहळू निवळला. माशांनी तोंड वासणं बंद केलं. मुकेशने दुसरी पेटी आणली आणि घराच्या कुडाला, म्हणजे भिंतीला, कारवीच्या नवीन काठ्या लावायचं बोलायला लागला. घराला कूड घालायचं जो बोलतो तो जात नाही, हे माघीला माहीत होतं, मलाही माहीत होतं. ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. नेहमीसारखं, म्हणजे वाकड्यातच, पण बोलायला लागली.

वैशाखात डवऱ्याला वास आला.

आधी वाटलं, हंड्याचाच असेल. मी हंडा राखेने घासला. वास गेला नाही. डोहाकडे पाहावं तर डोह स्वच्छ. पाणी तर तिथूनच येतं, मग वास कुठून? सगळ्या बायकांनी मिळून डवरा उपसला, पुन्हा झिरपलेलं पाणी पिवळट आलं. कुणी म्हणालं, बेडूक मेला असेल. कुणी म्हणालं, डोहाचं देणं बंद केलं म्हणून. हे माघीच्या कानावर गेलंच. इकडे मुलं पुन्हा आजारी पडायला लागली. सकूही.

मी म्हटलं, नवीन डवरा खणू. थोडा वरच्या अंगाला, डोहाच्या जवळ, तिथे पाणी ताजं असेल. सकाळची वेळ. मी बसले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागले. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं. पळसाचं पान, काळं पडलेलं. आत काय होतं ते मी सांगत नाही. वासाने मला तिथेच उलटी झाली. खड्ड्यात पाणी जमायला लागलं, आणि ते त्या पानाभोवतून येत होतं.

मी मान वर केली. वर डोह, खाली डवरा, आणि मधल्या वाळूत दगडच दगड. माघीने नीट ठेवलेले. प्रत्येक दगडाखाली एक पान. डोहातून निघालेलं पाणी त्या सगळ्या पानांमधून वाट काढत आमच्या हंड्यात येत होतं.

मी माघीला हाक मारली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने माझ्या हातातलं पान पाहिलं, मग दगडांकडे पाहिलं, मग डवऱ्याकडे. मी वाट बघत होते की ती ओरडेल, नर्सताईंच्या नावाने, माझ्या नावाने, कुणाच्याही नावाने. ती वाळूत बसली आणि एवढंच म्हणाली, "मी पाजला पोरीला. रोज मीच पाजला."

"तू एकटीनं नाय. आमी समद्यांनी पुरलां."

"मी दावला कुठं पुरायचा तां."

मी तिच्याशेजारी बसले आणि वाळू उकरायला लागले.

त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस ती दगड उचलून वाळू उकरत होती. आम्हीही होतो. जे हाताला लागलं ते टोपल्यांत भरून टेकाडावर नेलं, शेतात पसरलं. नाक बांधून, डोक्यावर ती टोपली घेऊन, तापलेल्या कातळावरून. पण पान काढता येतं, त्यातून झिरपलेलं काढता येत नाही. अर्धी आतडी वाळूत विरून गेली होती. डवरा चार ठिकाणी खणून पाहिला, चारही ठिकाणी तेच पाणी. उकळलं तरी वास जात नव्हता. डोह वरून निवळ दिसायचा, पण ते साचलेलं पाणी, तळाला चैत्रातली पानं कुजलेली, ते पोरांना पाजायची आता कुणाची हिंमत नव्हती. पावसाचा लोंढा येऊन सगळी वाळू उलटीपालटी करीपर्यंत काही होणार नव्हतं, आणि पाऊस लांब होता.

डोहात मासे मात्र होते. चांगले मोठे झाले होते. मुकेशने जाळं टाकायचं थांबवलं. साफ कुठं करणार आणि घाण कुठं टाकणार? हॉटेलवाल्याने दुसरा माणूस धरला.

पाणी आता टेकाडापलीकडच्या पाड्याच्या विहिरीवरून आणावं लागायचं. त्यांचंही पाणी तळाला गेलेलं, त्यांच्या बायका आधी भरणार, मग उरलं तर आम्हाला, घराला एक हंडा. पाड्यातली माणसं घरं बंद करून निघायला लागली. पावसाळ्याआधी कुणी परत येत नसतं, पण या वर्षी त्यांनी मडकीही नेली.

मुकेश आईला वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, माघीला भांडायला जमतं. तो तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "तू मुद्दाम नाय केलां, मला माहीत हाये. पन आये, पोर जगली पायजे ना? भिवंडीत नळ तरी हाये."

"जा," माघी म्हणाली.

"तू पन चल."

"एका खोलीत कुठं मावू? जा तुमी."

चैती मागे बोचकं बांधत होती. ती मुळात कमी बोलणारी पोर. सकू दुसऱ्यांदा आजारी पडल्यापासून ती सासूशी काम सोडून शब्दही बोलत नव्हती. मला आधी वाटलं थकली असेल.

निघायच्या दिवशी माघी उजाडायच्या आधीच विहिरीवर गेली होती. आमच्यातला पहिला नंबर लावायला. परत आली तेव्हा ऊन चढलं होतं, डोक्यावर हंडा, आणि टेकाड दर दोन पावलांवर थांबत उतरत होती. हंडा खाली ठेवून तिने पाणी दोनदा फडक्याने गाळलं आणि घासून लख्ख केलेला तांब्या भरला. जीप पाड्याबाहेर उभी राहिली. मुकेशने बोचकी आणि थर्माकोलच्या पेट्या टपावर चढवल्या. सकू उन्हाने कावली होती, आजीला पाहिल्यावर तिने हात पुढे केले. "पानी."

माघीने तांब्या तिच्या तोंडाला लावला.

चैतीने हात मधे घातला. जोरात नाही. तांब्या नुसता बाजूला केला. "नको," ती म्हणाली. "तिला तुमच्या हातचां पानी नको." पिशवीतून तिने दुकानातली बाटली काढली, झाकण उघडलं आणि पोरीला पाजलं. सकू घटाघटा प्यायली.

मी तोंड उघडलं. हे विहिरीचं पाणी आहे, हिने कुठून आणलंय ते बघ तरी, असं मला सांगायचं होतं. माघीने माझा दंड धरला आणि इतका दाबला की माझा आवाजच निघाला नाही. मुकेशने सगळं पाहिलं आणि मान खाली घालून जीपमध्ये बसला. चैती रडत होती. तिला दोष देऊ शकत नाही मी, आई आहे ती. देते तरी कधी कधी.

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग मी माघीला हाताला धरून घरी आणलं. ती उंबऱ्यावर बसली, तांब्या अजून हातातच, काठोकाठ भरलेला, एवढ्या वाटेत एक थेंब सांडला नव्हता.

पाणी फेकायचं नसतं. मी तिला अर्धं प्यायला लावलं आणि अर्धं मी प्याले. चांगलं पाणी होतं, गोड.